पहिलं हँडल

बनारसहून शिकून निघाले तेव्हा मला वाटलं होतं, अन्याय समोर आला की ओळखू येईल. त्याला चेहरा असेल, दरडावणारा आवाज असेल, आणि चार वर्षांत वाचलेल्या सगळ्या पुस्तकांच्या बळावर मी त्याच्याशी भांडेन. रत्नागिरीला सहकारी सोसायटीच्या धान्यवखारीची चिटणीस म्हणून मला नेमलं. पहिल्याच सकाळी बंदरावर गेले तर समोर होतं एक जांभ्याचं जोतं आणि त्यावर ओळीनं मांडलेली नऊ लोखंडी हँडलं. उन्हात लॉऱ्या उभ्या होत्या, लॉऱ्यांच्या सावलीत ड्रायव्हर झोपले होते. भांडायला कोणी जागंच नव्हतं.

ही गोष्ट चौतीस सालच्या फाल्गुनातली. तेव्हा लॉरी सुरू करायची तर पुढून तोंडात हँडल घालून गरगर फिरवावं लागे. वखारीवर आलेला ड्रायव्हर ते हँडल आणून जोत्यावर ठेवी. तो त्याचा नंबर. हँडलाशिवाय गाडी हलत नाही, म्हणून मध्ये घुसायची सोय नाही. माल उतरायला दोन-दोन दिवस खोटी व्हायची, गाड्या खोळंबून राहायच्या. त्यावर हमाली, आणि मुकादमाला 'दार उघडायचे' चार आणे. ते चार आणे मी आल्या आठवड्यातच बंद केले. खोटी मात्र कमी होईना.

तिसऱ्या आठवड्यात मी पहाटेच वखारीवर जाऊन बसले. मुकादम भागोजीनं सातला दार उघडलं आणि सगळे हमाल भिंतीला टेकून बसून राहिले.

"मुकादम, माणसं का बसलीत?"

"पयल्या नंबराची गाडी खाली होतेय, बायनू."

"कुठली गाडी? दारासमोर कोणीच नाही."

भागोजीनं पान थुंकलं. "म्हणून तर वेळ लागतोय."

हमाल हसले नाहीत. तेव्हा मी हँडलं मोजली. नऊ. लॉऱ्या मोजल्या. आठ. पहिलं हँडल गंजून तांबडं झालेलं होतं.

मग भागोजीनं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी श्रावणात महिपत नावाचा ड्रायव्हर भाताच्या गोणी घेऊन आला होता. तीन दिवस पावसात उभा. अंगात ताप. विचारायला आला की हमाल म्हणायचे, वाईच थांबा. चौथ्या दिवशी त्याचा नंबर लागला, हाक मारली, तर तो स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून बसल्या जागी गेलेला. गोणीतल्या भाताला मोड आले होते. सगळा माल खाडीत टाकला. मालकानं गाडी नेली, हँडल कोणी नेलं नाही.

"त्याचा माल कधी उतरलाच नाय," भागोजी म्हणाला. "म्हणून रोज दुपारपर्यंत दार त्याच्यासाठी. आमी बसतो."

मला चीड आली. एका माणसाला थांबवून मारलं आणि त्याच्या नावानं आठ जणांना रोज थांबवतात, असं मी बोलूनही दाखवलं. तेवढ्यात दुसऱ्या हँडलाचा धनी, साखरप्याचा काशीराम, पुढे आला. त्याचे डोळे तांबारले होते.

"बायनू, घरून सांगावा आलाय, बायको अडलीय. पयली खेप हाय. सुईण म्हणते, शहरात न्या. आत्ता गाडी खाली झाली तर सांजेच्या आत तिला इथल्या दवाखान्यात आणीन. दुपार झाली तर..."

"उचल ते हँडल," मी म्हटलं.

"मी नाय. तुमी उचला. तुमी शिकलेल्या."

मी उचललं. सकाळच्या उन्हानं लोखंड कोमट लागेल असं वाटलं होतं. ते गार होतं, विहिरीतून काढल्यासारखं. कचेरीच्या कपाटात टाकून मी कुलूप लावलं.

हमाल उठले नाहीत. काशीराम एकटाच गोणी वाहू लागला. थप्पी कुठे लावायची ते दाखवायला मी कंदील घेऊन आत, अगदी मागच्या भिंतीशी उभी राहिले. वखारीला खिडकी नाही. दार लांबवर एक पांढरी पट्टी होऊन राहतं आणि त्याच्या अलीकडे तागाचा, धुळीचा काळोख. काशीरामच्या पायात टायरच्या वहाणा होत्या. त्यांची फटफट यायची, गोणी धप्पकन पडायची, फटफट जायची. विसाव्या खेपेपर्यंत मला तो ताल पाठ झाला.

मग वहाणा बाहेर गेल्या आणि तरीही कोणीतरी आत येत राहिलं.

अनवाणी पाय. ओले. जमिनीवर चपक... चपक... असे. आणि वास. आंबलेल्या, मोड आलेल्या भाताचा. बाहेर महिनोन् महिने पावसाचा थेंब नव्हता. मी कंदील वर धरला. उजेड थप्पीच्या कोपऱ्यापर्यंत पोचला. पावलं त्या कोपऱ्याच्या पलीकडे येऊन थांबली.

"बायनू..." आवाज थकलेला होता, अदबीचा. "माझा नंबर...?"

मला अजून कळत नाही, मी असं का बोलले. तीन आठवडे दिवसातून पन्नास वेळा ड्रायव्हर तेच विचारत आणि माझ्या तोंडाला तेच उत्तर बसलं होतं.

"वाईच थांबा," मी म्हटलं.

मग अगदी हळू, "थांबतो हां... गाडीत थांबतो." आणि पावलं दाराकडे गेली.

मी बाहेर आले. काशीराम चाकाशी बसून तांब्यानं पाणी पीत होता.

"कोणाशी बोलत होतात?" भागोजीनं विचारलं.

"काशीरामशी."

भागोजीनं काशीरामकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डोक्याचं फडकं काढून हातात धरलं. नऊ वाजता रिकामी लॉरी निघाली. मी तिला हातही केला.

त्या दिवशी माझं कशात लक्ष लागलं नाही. दर घटकेला रस्त्यावर जाऊन यायची. सांज झाली, दिवे लागले. काशीराम आला नाही.

तो आला दुसऱ्या दिवशी सकाळी, लॉरी घेऊन, एकटा.

"वाटेत नाणीजच्या चढाला गाडी चढंना," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "इंजिन ठीक हाय. मागं फळीवर मालाची काडी नाय. तरी भरल्या गाडीसारखी मागं येते. रातभर हँडल मारलं. चालत गेलो असतो, पण तिला आणू कशातून? रस्त्याला दुसरी गाडी नाय. सगळ्या हितं, तुमच्या दारात." त्यानं हात जोडले. "ती अजून घरीच हाय, बायनू. हे काय हाय ते उतरून घ्या."

मी लॉरीच्या मागे गेले. फळी रिकामी होती, झाडल्यासारखी स्वच्छ. पण खालचे स्प्रिंगांचे पाटे पूर्ण बसले होते आणि मागची चाकं वाळूत बोटभर रुतली होती.

हमाल भिंतीपाशी उभे होते. कोणी पुढे आलं नाही. मी त्यांना हुकूम करू शकले असते. काल काशीरामला केला होता तसा. पण या वेळी थांबायला महिपतला त्यांनी सांगितलं नव्हतं, मी सांगितलं होतं.

मी पदर खोचला आणि भागोजीपुढे हात केला. त्यानं खांद्यावरची तागाची घडी मुकाट माझ्या हातात दिली.

"तीस गोणी होत्या महिपतच्या," तो हळूच म्हणाला. "पेलतील?"

मी घडी डोक्यावर ठेवली, फळीकडे पाठ करून वाकले आणि म्हणाले, "द्या."

ओझं आलं. मान खाली गेली. मागे पाटा कुरकुरत बोटभर वर उठल्याचं मी ऐकलं. आणि माझ्या कानाशी, माल मोजून देणारा माणूस मोजतो तसं, कोणीतरी म्हणालं,

"एक."