सहवासांक शहाण्णव

सांगलीच्या गणपती पेठेतल्या रेवती नलवडेच्या दुकानातून हल्ली कुणी मासा नुसता आवडला म्हणून घरी नेऊ शकत नाही. आधी घरच्या टाकीची दहा मिनिटांची चित्रफीत यंत्राला दाखवायची, मग दुकानातला मासा यंत्राच्या कॅमेऱ्यापुढं ठेवायचा. कोण कुणाच्या अंगावर जातो, कोण कल्ले फुगवतो, कोण वाट सोडतो, हे सगळं पाहून यंत्र शंभरपैकी एक आकडा सांगतं. त्याला म्हणतात सहवासांक. तो सत्तरच्या खाली आला तर रेवती मासा देत नाही, गिऱ्हाईक कितीही फुगून बसो.

त्या मंगळवारी एक दातांचे डॉक्टर आले होते. त्यांच्या ऑस्करनं तीन सोबती मारले होते. ऑस्कर हा सिक्लिड कुळातला मासा. वीतभर वाढतो, मालकाला ओळखतो, आणि टाकीत दुसऱ्या कुणाचं तोंड पाहायची त्याची तयारी नसते. डॉक्टरांना वाटत होतं, बिचाऱ्याला जातभाई हवा. यंत्र म्हणालं, एकोणचाळीस. रेवतीनं त्यांना समजावलं की तापट सिक्लिडला आपल्यासारखा दिसणारा मासाच आधी खुपतो. सोबती द्यायचा तर अंगानं तोलामोलाचा पण रूपानं निराळा द्यावा. तिनं तळाशी राहून शेवाळ खाणारा, चिलखतासारख्या कातडीचा प्लेको दाखवला. सत्त्याऐंशी आले. तो सोडण्याआधी टाकीतले दगड हलवा, म्हणजे जुन्या माशाला आपली हद्द कुठली ते कळायचं नाही, असंही तिनं बजावलं.

हे यंत्र मुळात तिच्याकडूनच शिकलेलं. कुठला मासा कुणाबरोबर दिला आणि पुढं काय झालं, हे बावीस वर्षं ती वहीत लिहीत आली होती. पुण्याच्या एका कंपनीनं त्या वह्या मागून घेतल्या आणि जुळणं म्हणजे काय, ते यंत्राला त्यांवरून शिकवलं. पुढं त्याच कंपनीनं यंत्र माणसांकडे वळवलं. वसतिगृहात, वृद्धाश्रमात एका खोलीत कुणी कुणाबरोबर राहायचं, ते यंत्र सांगू लागलं. रेवतीला तेव्हा कोण अभिमान वाटला होता.

म्हणून तर आबांच्या वेळी तिनं स्वतःच यंत्राचं नाव पुढं केलं. आबा म्हणजे तिचे वडील, रंगराव शिंत्रे. एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, आणि माईक बंद पडला तरी त्यांचं काही अडत नसे. निवृत्तीनंतर तो आवाज घरात घुमायला लागला. भाजी अळणी, बातम्या खोट्या, पंखा हळू. सकाळपासून तोफ सुरू. रेवती एकटी, दुकान आणि आबा दोन्ही ओढताना तिचा जीव मेटाकुटीला आला. शेवटी तासगाव रस्त्यावरच्या 'निवांत सदन'मध्ये तिनं त्यांची सोय केली. तिथंही दोन महिन्यांत दोन सोबत्यांशी कडाक्याची भांडणं झाली, आणि संचालिका कामतबाईंनी हात टेकले. तेव्हा रेवती म्हणाली, यंत्र लावून बघा.

निवृत्त मुख्याध्यापक देशिंगकरांबरोबर आबांचा सहवासांक शहाण्णव आला. खोलीतल्या कॅमेऱ्यानं पुढच्या चार महिन्यांत एकही भांडण टिपलं नाही. रेवतीनं सुटकेचा निःश्वास टाकला, आणि कामाच्या गडबडीत तिच्या फेऱ्या कमी झाल्या. फोनवर आबा म्हणायचे, सगळं बरं आहे. तेवढंच म्हणायचे, आणि तिला तेही बरंच वाटायचं.

दातांचे डॉक्टर येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, दुकान बंद ठेवून ती आबांना भेटायला गेली. देशिंगकर खिडकीशी पेपर वाचत होते. अगदी सुसंस्कृत माणूस. उठून नमस्कार केला, आवाज मऊ. आबा पलंगाच्या भिंतीकडच्या टोकाला बसले होते, हात मांडीवर. अंगातला सदरा सैल झालेला. चहा आला तेव्हा आधी देशिंगकरांनी कप उचलला, मग आबांनी. रेवतीनं बिस्किटांची बशी पुढं केली, तर आबांनी आधी खिडकीकडं पाहिलं. देशिंगकर हसून म्हणाले, "घ्या की रंगराव, आज चालेल." मग त्यांनी एक घेतलं.

हे तिनं शेकडो वेळा पाहिलं होतं. टाकीत एका सिक्लिडचा वरचष्मा झाला की दुसरा हळूहळू फिका पडतो. अंगावरचे पट्टे जातात. तो वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या आडोशाला उभा राहतो, आणि पहिल्याचं खाऊन होईपर्यंत हलत नाही. पंख शाबूत, खवले शाबूत. भांडण कशाला होईल? त्यानं सगळी टाकीच सोडून दिलेली असते.

असा मासा गिऱ्हाईक कधी परत आणत नसे. पंख फाटलेला आणत. फिका पडलेला मासा मालकाला शहाणा वाटे; आता रुळला, असं म्हणत. आणि मासा परत आला नाही की रेवती वहीत लिहायची, जुळलं. तिला दिसत नव्हतं असं नाही. लोकांच्या घरी टाकी साफ करायला गेली की दिसायचं. पण गिऱ्हाईक खूश आहे, उगाच कशाला उकरून काढा, म्हणून ती गप्प बसायची आणि तीच नोंद राहू द्यायची. यंत्रानं तिचं ऐकलं होतं, बस्स. दोघांतला एक पुरता हार मानेल अशी जोडी हुडकायला तिनंच त्याला शिकवलं होतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

ती तडक कामतबाईंकडे गेली. सगळ्या जोड्या पुन्हा तपासा, म्हणाली. कामतबाईंनी तिला पडद्यावर बावीस खोल्या दाखवल्या. सगळीकडे शून्य भांडणं. तक्रार एकाचीही नाही, मग तपासायचं काय, असं त्यांनी साध्या मनानं विचारलं. तिथूनच तिनं कंपनीला फोन लावला. तिथलाही माणूस नम्रपणे तेच म्हणाला, आणि वर म्हणाला की यंत्र आता तुरुंगांसाठीही मागितलं जातंय.

ती खोलीत परतली आणि आबांच्या शेजारी बसली.

"आबा, चला घरी. कायमचे."

आबांनी मान वर केली नाही. देशिंगकरांकडं डोळ्यांनीच खुणावून खालच्या आवाजात म्हणाले, "त्यांना विचारलंस का?"

"माझं चुकलं, आबा."

"तुझं काय चुकलं? भांडण नाही, काही नाही."

तिनं त्यांची पिशवी भरली. देशिंगकर दारापर्यंत पोचवायला आले, आणि त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं. रिक्षात आबा एका कडेला अंग चोरून बसले. रेवती मनात मोजत होती. वेगळा काढलेला मासा बहुधा महिन्याभरात रंग धरतो. काही धरत नाहीत, आणि ते का, हे बावीस वर्षांत तिला कळलेलं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं दार उघडलं, दिवा लावला. समोर त्यांची वेताची खुर्ची होती, त्यांनी स्वतः निवडलेली, तीस वर्षांची. सहा महिन्यांत तिच्यावर धुण्याचे कपडे साचले होते. आता ओरडतील, ओरडा ना, म्हणून रेवती वाट पाहत उभी राहिली. आबा खुर्चीपाशी गेले, थांबले, आणि तिच्याकडं वळून म्हणाले,

"मी इथं बसलो तर चालेल ना?"