कानस आणि कानातले

त्याने माझ्या काउंटरवर कानातल्यांचे सहा जोड ओळीने मांडले आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मी कानस मागवली होती."

मी कानातल्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. भुवयांवर लाकडाचा भुसा, शर्टाच्या खिशात चपटी पेन्सिल, अंगाला सरसाचा वास. हा माणूस चेष्टा करायला आलेला वाटत नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं, मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते.

मी कोण ते आधी सांगते. आमचं ऑनलाइन दुकान आहे... म्हणजे मालकांचं आहे, आम्ही आपलं 'आमचं' म्हणतो. तिथे विकायला ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला नाव द्यायचं, दोन ओळी वर्णन लिहायचं आणि शोधणाऱ्याला ती सापडते की नाही ते बघायचं, हे माझं काम. ऑफिसात मला 'शब्दकोश' म्हणतात. मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र खाली परतीच्या काउंटरवर बसावं लागतं, कारण गिऱ्हाइकाचं तोंड बघितल्याशिवाय गिऱ्हाईक कळत नाही, असं साहेबांचं म्हणणं. मी ह्याचं तोंड बघत होते आणि मला काही म्हणता काही कळत नव्हतं.

शोधताना नेमकं काय लिहिलंत, असं विचारलं. म्हणे, कानस, गोल, लहान, सहाचा संच. मी तेच टाइप केलं आणि माझे कान गरम झाले. कानस, म्हणजे घासायचं हत्यार, मी स्वतः 'मेटल फाइल' या नावाने चढवली होती. आमच्या यंत्राने कानस हा शब्द जन्मात ऐकला नव्हता, म्हणून त्याने आपल्या अकलेने जवळचा शब्द धरला. कानातले, गोल, लहान, सहाचा संच.

"पण चित्र तर दिसतं ना," मी म्हटलं.

"दुकानात कानस मागितली की दुकानदार कानस देतो," तो म्हणाला. "मी कधी त्याच्याकडे चित्र मागितलं नाही."

इतक्या शांतपणे माझ्या कामात कुणी चूक काढली नव्हती. मला राग आला, म्हणून मी नियमावर बोट ठेवलं. "कुणी घालून तर नाही ना बघितले? कानातले एकदा कानात गेले की आम्ही परत घेत नाही."

त्याने स्वतःच्या कानाला हात लावला, भुसा झटकला आणि म्हणाला, "मी बघितले नाहीत. मला शोभणार नाहीत."

हसू दाबत मी एकेक जोड तपासायला घेतला. त्यातला निळ्या खड्यांचा जोड उजेडात धरला आणि... जरा जास्तच वेळ धरला. तो बघत होता. मी चटकन जोड डबीत टाकला आणि परतीचा शिक्का इतक्या जोरात मारला की शाई माझ्याच बाहीवर उडाली.

तो जुन्या खुर्च्या दुरुस्त करायचा. वरच्या मजल्यावर दुपारपर्यंत त्याचं नावही पडलं, खुर्च्यावाला.

शुक्रवारी खुर्च्यावाला पुन्हा हजर. आता काखेत पुठ्ठ्याच्या डझनभर फायली. आमच्याकडे कानशीला फाइल म्हणतात, असं मीच त्याला सांगितलं होतं, त्याने फाइल शोधली आणि आमच्या दुकानाने त्याला कागद ठेवायच्या फायली पाठवल्या.

"ह्यांनी लाकूड घासलं जात नाही," तो म्हणाला. "करून बघितलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. मग त्याला आत बोलावलं, शेजारी स्टूल ओढलं आणि शिकवायलाच बसले. आधी विभाग निवडायचा, म्हणजे आपण कागदाच्या खोलीत नसून हत्यारांच्या खोलीत आहोत हे यंत्राला कळतं. मग एकच शब्द टाकायचा. मग माप, मग किंमत, एकेक चाळणी लावत जायची, सगळ्या एकदम नाही. नाही सापडलं तर शब्द बदलायचा, वाक्य लांबवायचं नाही. त्याला वाक्य लांबवायची वाईट खोड होती. 'खुर्चीचा पाय हलतो त्याच्या आत बसवायला काहीतरी बारीक पण मजबूत' असं तो शोधायचा, जसं काही पलीकडे कुणी बसलंय.

"पलीकडे कुणीच नसतं?" त्याने विचारलं.

"मी असते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी."

हे खरं होतं. ज्या शोधाला काहीच सापडत नाही, तो आमच्या रिकाम्या यादीत येतो. कुणी शोधलं ते त्यात नसतं, नुसते शब्द असतात. सकाळच्या बैठकीत साहेब ती यादी मोठ्याने वाचतात आणि संध्याकाळपर्यंत मी प्रत्येक ओळ निकालात काढायची, वस्तूला तो शब्द जोडायचा किंवा शोधणाऱ्यासाठी सूचना लिहून ठेवायची.

त्यापुढच्या मंगळवारी तो लहान मुलांचा डुलता घोडा बगलेत मारून आला. घोडा मागवला होता, पण हा नव्हे. त्याला हवा होता तो चढून उंचावर काम करायचा, चार पायांचा. मी म्हटलं, चार पाय ह्यालाही आहेत. तो म्हणाला, ह्याच्यावर चढून बघितलं, डुलतो. मग मात्र मला हसू आवरेना. तोही हसला, आणि हसला की त्याच्या भुवईवरचा भुसा खाली पडायचा... हे माझ्या लक्षात आलं म्हणजे माझं लक्ष कुठे होतं, ते तुम्हीच बघा.

मग ते नेहमीचंच झालं. चहाचे दोन पेले, मध्ये माझी वही. तो सांगायचा, मी लिहायचे. रंधा, पटाशी, गिरमिट, पक्कड. मी चढवलेल्या हत्यारांच्या गुळगुळीत इंग्रजी नावांच्या पाठीमागे हे शब्द एकेक करून जोडत गेले. कुठला शब्द कुणाकडून ऐकला तेही तो सांगायचा. रंधा वडिलांकडून, गिरमिट काकांकडून, शिव्या दोघांकडून. शिव्या मी लिहून घेतल्या नाहीत, पण लक्षात आहेत.

आणि एका शुक्रवारी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रिकाम्या यादीत हत्यारांची एकही ओळ राहिली नव्हती. साहेबांनी भर बैठकीत माझं कौतुक केलं. अगं बाई, मी या माणसाला इतकं चांगलं शोधायला शिकवलं, की आता त्याचं काही चुकणारच नाही. आणि चुकलं नाही तर तो परत करायला येईल कशाला? मी माझ्याच हाताने त्याची वाट बंद करून ठेवली होती.

तसंच झालं. एक मंगळवार गेला, एक शुक्रवार गेला. पाहता पाहता तीन आठवडे झाले. त्याचा पत्ता पडद्यावर होता, पण गिऱ्हाइकाचा पत्ता असल्या कामाला वापरायचा नसतो आणि मलाही थोडा स्वाभिमान आहे. थोडाच, पण आहे. त्याच तीन आठवड्यांत आमची कानातल्यांची विक्री अचानक बसली. का बसली ते कुणाला कळेना. मला कुठे त्यात लक्ष होतं?

घरी आत्या माझ्यासाठी लग्नाच्या वेबसाइटवर मुलगा शोधत होती. उंच, गोरा, एकुलता एक, स्वतःचं घर, चष्मा नको, घोरणारा नको. शून्य निकाल. मी वैतागून म्हटलं, आत्या, चाळण्या कमी कर. तिने विचारलं, मग तूच सांग, कुठली एक ठेवू? माझ्या तोंडून निघून गेलं, "हसला की भुसा पडणारा."

आत्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. खुर्च्यावाल्याचे किस्से तिने माझ्याकडून रोज ऐकले होते. ती बसली होती त्या खुर्चीचा एक पाय वर्षभर हलतोय, खाली कागदाची घडी घातलेली. "खुर्ची इथे हलतेय, खुर्च्यावाला तुझ्या ओळखीचा," ती म्हणाली. "मग घोडं अडलंय कुठे?" मी म्हटलं, घोड्याचं नाव काढू नकोस.

दुसऱ्या दिवशी बैठकीत साहेबांनी रिकामी यादी वाचायला घेतली आणि एका ओळीवर अडखळले. चष्मा पुसून पुन्हा मोठ्याने वाचलं. "काउंटरवरची, शिक्का जोरात मारणारी, राग नाकावर, हसू दाबणारी, बाहीवर शाई." मग त्यांनी भाबडेपणाने विचारलं, "ही कुठली वस्तू? कुठल्या विभागात येते?"

अख्खं ऑफिस माझ्या बाहीकडे बघत होतं. डाग निघाला नव्हता.

"साहेब, चाळण्या फार झाल्यात," मी कसंबसं म्हटलं. "म्हणून सापडत नाही."

संध्याकाळी ती ओळ निकालात काढायची होती. मी सूचना लिहिली, 'इतके शब्द नकोत. एकच शब्द टाका.' लिहिली, पुसली, पुन्हा लिहिली. रात्री झोप लागली नाही. सकाळच्या यादीत एकच शब्द होता.

तुम्ही.

हे तर व्याकरण झालं, असं साहेब म्हणाले. त्या शब्दाला मी सूचना जोडली, 'शुक्रवारी काउंटरवर उपलब्ध.'

शुक्रवारी तो आला. केस विंचरलेले, भुवया स्वच्छ, त्यामुळे क्षणभर परका वाटला. त्याने एक खोकं उघडलं आणि माझ्यासमोर सहा कानशी ओळीने मांडल्या. गोल, लहान, सहाचा संच.

"मी कानातले मागवले होते," तो म्हणाला.

मी पडद्यावर 'कानातले' टाइप केलं. कानस आली. मग आठवलं, तो आला होता त्या शेवटच्या शुक्रवारी उत्साहाच्या भरात मी यंत्राला बजावलं होतं, की 'कान' दिसलं की आधी कानसच दाखवायची. कानातल्यांची विक्री बसली ती माझ्यामुळे. इतर बायकांनी चित्र बघून नाद सोडला असणार. ह्याने मात्र...

"अजूनही चित्र बघत नाही तुम्ही?"

"दुकानदारावर विश्वास आहे," तो म्हणाला. मग मान खाली घालून एक कानस उगाच सरळ करत बसला. "तीन आठवडे चुकायचा प्रयत्न केला. रंधा टाकला की रंधाच येतो. पटाशी टाकली की पटाशी. परत करायला काही मिळेना... आणि मला यायचं होतं. रोज यायचं होतं. मला तुम्ही फार आवडता, हे कुठल्या विभागात जाऊन सांगायचं, ते तेवढं तुम्ही शिकवलं नव्हतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. परतीचा अर्ज काढायच्या निमित्ताने मी खाली वाकले. वर आले तेव्हा हातात अर्ज नव्हता, निळ्या खड्यांची डबी होती. पहिल्या दिवसापासून खणात पडली होती. मीच विकत घेऊन ठेवली होती, घालायचा धीर झाला नव्हता एवढंच. मी त्याच्यासमोर एक घातला, मग दुसरा.

"बघा हं," मी म्हटलं, "एकदा कानात गेले की परत नाही."

"मी परत करणारा माणूस नाही," तो म्हणाला. त्याच्यासारख्याने हे म्हणावं, ह्याचं आम्हा दोघांना एकदमच हसू फुटलं.

हसू ओसरल्यावर त्याने त्या सहा कानशींकडे बघितलं आणि विचारलं, ह्यांचं आता काय करायचं, परत घेणार की नाही.

"ठेव तुझ्याकडेच," मी म्हटलं. 'तू' कधी आलं ते माझं मलाही कळलं नाही, त्याला मात्र कळलं. "रविवारी घरी घेऊन ये. आत्याच्या खुर्चीचा पाय हलतोय."