मागाहून सगळं उघडच!

दुआर्तेची नि माझी गाठ पडली आमच्या म्युनिकच्या पेटंट कचेरीच्या कॅन्टीनमध्ये. शेवटच्या प्रेत्झेलवर, त्या वेटोळ्या खाऱ्या पावावर, दोघांचे हात एकदमच पडले. त्यानं हसत तो मोडला, वरचं मीठ खरवडलं आणि मोठा तुकडा माझ्यापुढे धरला.

"मीठ नको असतं मला... तुम्हाला कसं कळलं?"

"अंदाज!" तो म्हणाला. आणि मी वेडी, खरं मानलं.

पुढे पेटंटच्या एका अर्जाच्या छाननीला आम्ही दोघं तपासनीस नि अध्यक्ष गुंडेलबाई, असे तिघं बसलो. तान्ह्या बाळांना छळणाऱ्या एका विषाणूचं प्रथिन. ते मुठीसारखं मिटलेलं असतं, पण लस करायला घेतलं की उलगडून वाया जातं. अर्जदारांनी त्याच्या साखळीतली एकच कडी बदलून मूठ मिटलेली ठेवली होती.

सुनावणी संपली, अर्जदार बाहेर गेले आणि मी सुरू झाले. "यात कसला आलाय शोध? दुसऱ्या विषाणूत अशी खीळ आधीच घातलीय. शेंबड्या पोरालाही सुचलं असतं!"

"वेरेनाबाई, उत्तर बघून गणित सोडवताय तुम्ही," दुआर्ते म्हणाला. "मी जुने लेख आधी वाचतो, अर्ज शेवटी. या कडीला हात लावाल तर प्रथिन कोसळेल, असंच सगळे सांगतात. मग कोण कशाला लावेल हात?"

मी लेख पुन्हा चाळले. मेल्याचं बरोबर होतं! मी मत बदललं, गुंडेलबाईंनी अर्जदारांना आत बोलावून पेटंट मंजूर झाल्याचं सांगितलं, ते खुशीत गेले.

कागद आवरता आवरता गुंडेलबाईंनी विचारलं, "दुआर्ते, हेगच्या कचेरीतल्या बदलीचं आज कळवायचंय ना?"

मी गर्रकन वळले. "बदली?"

"हो म्हणतोय." तो माझ्याकडे बघेना. "इथे थांबायला... तसं कारण नाही. फक्त तुमच्या सायकलला हवा तेवढी भरत जा. मागचं चाक सारखं बसतं."

माझी सायकल! दर सोमवारी चाकं टणक असायची, मला वाटायचं पहारेकरी भला आहे. कॅन्टीनमध्ये खिडकीजवळची खुर्ची रोज माझ्यासाठी रिकामी असायची. आणि ते मीठ... किती दिवस बघत होता हा मला! डोळेच भरून आले माझे. हा गेला तर मला करमणार नव्हतं, अजिबात नाही.

"अहो, मग बोलायचं नाही का? किती उघड होतं हे!"

"आता उत्तर कळल्यावर," तो हळूच हसला. "आधी कुठे दिसलं तुम्हाला?"

"नाही दिसलं... चुकलं माझं. हेगला नाही म्हणून कळव."

"कळव?" त्याचे कान लाल झाले. आमच्या कचेरीत 'तुम्ही'वरून 'तू'वर यायला माणसं वर्षं घेतात.

"हो. कळव. तू."

त्यानं कागद खाली ठेवले नि माझा हात धरला.

गुंडेलबाईंनी चष्मा पुसला. "माझं मत विचाराल, तर यात नवीन काहीच नाही," त्या म्हणाल्या. "प्रेत्झेलच्या रांगेत मी मागेच होते, मला त्याच दिवशी दिसलं होतं."