प्रशांतचा नंबर

ही घटना खरी आहे. मी अबोल माणूस. चारचौघांत मला नीट बोलताही येत नाही, मग रचून सांगणे तर दूरच. जे माझ्यासमोर घडले तेवढेच लिहितो.

रात्र नव्हती. अंधारही नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीतला शेवटचा रविवार होता आणि टळटळीत दुपार.

पलूसजवळचे आमचे इंजिनिअरिंग कॉलेज ओस पडले होते. चहूकडे माणसापेक्षा उंच ऊस. त्याच्या पात्यांची सळसळ सोडली तर कसलाही आवाज नव्हता.

कॉलेजच्या सर्व्हरची देखभाल मी करतो. सगळ्या मुलांचे काम त्या एकाच यंत्रावर साठते. प्रत्येकाला जागा ठरवून दिलेली असते. कोणी किती जागा व्यापली हे पाहणे, हे माझे काम. जागा संपली की यंत्र त्या मुलाचे काहीच साठवून घेत नाही.

अंकिता आत आली. कोरेगावची, शेवटच्या वर्षाची. ती आली की त्या गार, कोंदट खोलीत कोणीतरी खिडकी उघडल्यासारखे मला वाटे. हे मी तिला कधी सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी तिला प्रोजेक्ट जमा करायचे होते. ते राहिले असते, तर वर्षही गेले असते आणि पुण्यात मिळालेली नोकरीही.

"सर, माझी जागा भरली म्हणतंय. मी काय ऊस भरून ठेवलाय का तिथं?"

मी आकडा पाहिला. जागा खरोखर काठोकाठ भरली होती.

पण तिच्या फोल्डरमध्ये तर मोजक्याच फायली होत्या...

मी सगळी डिस्क धुंडाळली. एका कोपऱ्यात तिच्या खात्यात मोजले जाणारे एक जुने फोल्डर सापडले.

प्रशांतचे.

अंकिताचे हसू मावळले. "अपघातात गेला तो? मलकापूरचा?"

"हो."

प्रशांत तिच्या पुढच्या वर्षाला होता. त्याआधीच्या हिवाळ्यात कॉलेजातून घरी निघाला आणि रस्त्यातच गेला. घरी पोहोचलाच नाही.

यंत्र माणसाला नावाने ओळखत नाही. नावे आपल्या सोयीसाठी. आत प्रत्येकाचा एक नंबर असतो. दर वर्षी खाती नव्याने उघडताना जुन्या मुलांचे मोकळे झालेले नंबर पुढच्या मुलांना देण्याची आमच्याकडे पद्धतच आहे. प्रशांतचा नंबर अंकिताला मिळाला होता, म्हणून त्याच्या उरलेल्या फायली यंत्र तिच्या समजत होते.

एवढेच. मला हायसे वाटले.

तरी विभागप्रमुख आप्पासो सरांना फोन करून विचारले.

"पुसून टाक की रं, राजवर्धना! मेलेल्या माणसाला कशाला पायजे जागा? आन् फराळाला ये घरी, चकल्या लय खुसखुशीत झाल्यात."

मी पुसले. आकडा सरसर खाली आला.

अंकिताने आपले काम साठवायला घेतले...

जागा भरली होती.

आता प्रशांतचे फोल्डर नव्हते. दुसरी कोणतीही फाईल नव्हती. मी तिची मर्यादा दुप्पट केली. आम्ही पाहत असतानाच आकडा चढू लागला... सावकाश. विहिरीत पाणी चढावे तसा.

शेवटचा उपाय म्हणून मी सर्व्हर बंद केला.

पंखे थांबले. त्यांची घरघर इतक्या सवयीची होती की ती शांतता कानांना टोचली.

आणि त्या शांततेत...

टक... टक टक... टक.

शेजारच्या लॅबमध्ये कोणीतरी टाईप करत होते.

लॅबला कुलूप होते. किल्ली माझ्या खिशात होती. अंकिताला तिथेच थांबायला सांगून मी कुलूप काढले.

आत कोणी नव्हते. सगळे संगणक बंद.

आवाज थांबला.

मी सुटकेचा श्वास घेतला, आणि...

टक... टक टक... टक.

आता तो माझ्या पाठीमागून येत होता. सर्व्हरच्या खोलीतून.

मी धावत परतलो. अंकिता काळ्या, बंद पडद्यासमोर बसली होती. तिची बोटे भराभर चालत होती.

"अंकिता!"

तिने मान वर केली. "सर... मी काय करत होते हो?"

तेवढ्यात तिला न्यायला तिचे वडील आले. उदयसिंह सुभेदार, फौजेतून निवृत्त झालेले. मी घडले ते सगळे सांगितले. ते थेट माझ्याकडे वळले.

"आमच्या पलटणीत गेलेल्या जवानाचा नंबर पुन्यांदा कुणाला देत न्हाईत, सर. त्यो त्याचाच ऱ्हातो. माझ्या पोरीला का दिला तुमी?"

सर्व्हर पुन्हा सुरू करून मी अंकिताला नवा नंबर दिला. जागा मिळाली. काम साठवले गेले. तिचे प्रोजेक्ट पडद्यावर जसेच्या तसे उघडले.

अंकिताने ते पाहिले... परक्याच्या घरातले सामान पाहावे तसे.

"हे कुणाचं आहे?"

सोमवारी तिला त्यातली एक ओळही समजावता आली नाही. पुढे ती कॉलेजात आली नाही. नोकरीही गेली.

प्रशांतच्या नंबरवर आता काहीच चढत नाही. मी रोज पाहतो. तिथे कोणीच राहत नसल्यासारखी ती जागा रिकामी आहे.

हेच मला सोसत नाही.

गेल्या महिन्यात मी कोरेगावला गेलो. अंकिता अंगणात बसली होती. तिची आई, दीपमालाताई, तिला घास भरवत होत्या. तिने मला ओळखले नाही. मी थोडा वेळ बसलो, आणि उठलो.

फाटकापाशी पोहोचलो तेव्हा मागून तिचा आवाज आला. स्वच्छ, रोजच्यासारखा.

"सर, मलकापूरवरनंच जाणार ना? आईला सांगा, जेवायची थांबू नको म्हणावं. मला अजून उशीर हाय."

दीपमालाताई ताट घेऊन तिच्या शेजारीच उभ्या होत्या.

"आवं सर, मलकापुरात आमचं कोण बी न्हाई वो... मी तर हितंच हाय."

मी फाटक ओढून घेतले.

संध्याकाळी एसटी मलकापूरला थांबली. माणसे चढली, उतरली. कंडक्टरने दोनदा विचारले, "कोण हाय का अजून उतरणारं?"

मी मान खाली घालून बसून राहिलो. तिथल्या त्या आईला काय सांगायचे होते मी? तुमचा मुलगा निघालाय? आणि तो यावा म्हणून प्रार्थना करायची, की येऊ नये म्हणून...

गाडी सुटली. निरोप माझ्यापाशीच आहे.