ऐकल्याची खूण

माझं काम शांतता रेकॉर्ड करण्याचं आहे असं मी सांगते तेव्हा लोक हसतात. हसोत बापडे. सिनेमाच्या सेटवर एखादा प्रसंग चित्रित करून झाला की मी सगळ्यांना जागच्या जागी उभं करते आणि एक मिनिट कुणाला साधं खाकरूही देत नाही. त्या मिनिटात खोलीचा स्वतःचा जो आवाज असतो, तो पुढे संवादांमधल्या फटी बुजवायला लागतो. आम्ही त्याला रूम टोन म्हणतो. युनिटमधले लोक पाठीमागे मला 'शूऽबाई' म्हणतात. हल्ली तोंडावरही म्हणतात.

हा सिनेमा खाणीत अडकलेल्या सात कामगारांचा होता. छत कोसळतं, सातजण आत राहतात, बाहेरचे खणत येतात आणि शेवटी सगळे सुखरूप बाहेर पडतात. खऱ्या खाणीत आम्हाला कोण शिरू देणार? म्हणून शहराबाहेरच्या एका गोदामात प्लायवूड, जाळी आणि प्लास्टरचा चाळीस पावलांचा बोगदा उभा केला होता. छत इतकं बुटकं की माझ्यासारख्या उंच बाईच्या कमरेचे रोज हाल. भिंतीतून मनगटाएवढा जाड लोखंडी पाइप बाहेर आला होता. गोष्टीत तो पाइप थेट वरपर्यंत जातो आणि आतले त्याच्यावर ठोके मारून बाहेरच्यांशी बोलतात. सेटवर तो प्लायवूडच्या पलीकडे वीतभर जाऊन संपत होता. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण त्या वीतभर तुकड्यावर एक बारकासा माइक मीच चिकटवला होता. त्यापलीकडे एक झाडू आणि रंगाचे दोन रिकामे डबे, बस्स.

खाणीतलं वागणंबोलणं शिकवायला दिग्दर्शकाने एक म्हातारबुवा आणले होते. सगळे त्यांना काका म्हणायचे. चौतीस वर्षं खाणीत, त्यातली वीस बचाव पथकात. अंगाने किरकोळ, बोलायला मऊ. कसलेले नट त्यांच्यासमोर शाळेतल्या मुलांसारखे मांडी घालून बसत. पाण्याचा घोट लगेच गिळायचा नाही, तोंडात धरून ठेवायचा, दिवा एकावेळी एकाचाच लावायचा, असं ते एकेक सांगत.

ठोक्यांची भाषाही त्यांनीच शिकवली.

"दोन ठोके पटकन, मग जरा थांबून तिसरा. म्हणजे, आहे का कोणी? ही खूण फक्त बाहेरच्याची. अडकलेल्याने ती कधी मारायची नाही. अडकलेल्याने फक्त उत्तर द्यायचं, जितके जिवंत तितके ठोके. आणि ज्याचा ठोका त्याने मारायचा. दुसऱ्याच्या नावचा मारायचा नाही."

"आणि मग?" एका नटाने विचारलं.

"मग बाहेरच्याने पाइपवर लोखंडाने एक लांब ओरखडा ओढायचा. म्हणजे, ऐकलं."

"नाही ओढला तर?"

काका उठले आणि चहा घ्यायला गेले. कप भरून घेतला, पण प्यायले नाहीत.

चित्रीकरणात काका प्लायवूडच्या मागे उभे राहून पाइपवर विचारणा करायचे आणि आतले नट एकेक ठोका मारून उत्तर द्यायचे. ओरखडा मात्र दिग्दर्शकाने पहिल्याच दिवशी काढून टाकला. "प्रेक्षकाला कळणार नाही, काका. सीन लांबतो." काका "बरं" म्हणाले. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला, पण मध्ये बोलले नाही. दिग्दर्शकाशी हुज्जत घालायचा माझा कोटा माइकच्या जागेवरून आधीच संपला होता.

तिसऱ्या दिवशी सीन झाला, मी सगळ्यांना गप्प केलं आणि रूम टोन घ्यायला लागले. विसाव्या सेकंदाला हेडफोनमध्ये ठोके आले. सावकाश, एकसारख्या अंतराने. सात.

मी समोरच्या प्रत्येकाचे हात पाहिले. सगळे पुतळ्यासारखे उभे होते. म्हटलं, शूऽबाईची फिरकी घेताहेत, घेऊ देत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सात. मग मी हात धुऊन मागे लागले. जनरेटर बंद करवला. छताचा पत्रा उन्हाने तडतडतो, पण तो असा मोजून तडतडत नाही. शेजारच्या गोदामाला कुलूप होतं. केबल बदलली, माइक बदलला, शेवटी रेकॉर्डर बदलला. ठोके फक्त पाइपच्या माइकवर येत होते आणि फक्त त्या एका मिनिटात. बोगद्यातल्या इतर माइकवर नट श्वास घेत उभे होते, एवढंच.

म्हणजे काका. प्लायवूडच्या मागे तेच तर उभे असतात. सहाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना बोगद्यात गाठलं. मी खरं तर त्यांना झापायला गेले होते, पण पांढऱ्या केसांकडे बघून जीभ जरा आवरली.

"काका, हे जरा ऐका आणि मला सांगा, हे काय आहे."

त्यांनी हेडफोन कानाला लावले. मी रेकॉर्डिंग सुरू केलं. ऐकता ऐकता ते हळूच खाली बसले. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदाही.

"पाचवा ठोका जरा तिरका पडतोय," ते म्हणाले. "डावखुरा आहे. माझा धाकटा भाऊ."

मीही त्यांच्या शेजारी बसले.

मग त्यांनी सांगितलं. एकतीस वर्षांपूर्वी अशीच सात माणसं आत अडकली होती, त्यात धाकटा. पाइपवर कान लावून ऐकायचं काम काकांचं. पहिले पाच दिवस विचारणा केली की सात ठोके यायचे आणि काका ओरखडा ओढायचे. सहाव्या दिवशी छत पुन्हा ढासळलं. सगळ्यांनी आशा सोडली. दुपारी काकांनी विचारणा केली आणि पुन्हा सात ठोके आले. सातही.

"मला इतका आनंद झाला बाई, की मी उठलो आणि ओरडत बाहेर पळालो. सगळे आहेत, सगळे आहेत! लोकांनी मला उचलून घेतलं. धाकट्याच्या बायकोने माझे पाय धरले." त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले. "ओरखडा ओढायचा राहिला."

"पण नंतर ओढला असेल ना?"

"तासाभराने आठवलं. तोवर उशीर झाला. उत्तर दिल्यावर ओरखडा नाही आला की आतला माणूस समजतो, पाइप तुटला. वरचे गेले. मग तो ठोके मारत नाही, ताकद राखून ठेवतो, पाइपपासून लांब बऱ्या जागी सरकतो. मी तीन दिवस विचारत राहिलो. नवव्या दिवशी साहेबांनी मला विचारलं, आहे का कोणी? मी म्हणालो, कोणी नाही. काम थांबलं. खाण बुजवली."

हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं, मुलीलाही नाही. मला सांगितलं, कारण माझ्या यंत्रात त्यांचा भाऊ होता. मी रडले. आवाजाच्या माणसाने सेटवर रडू नये, नाक वाजतं. तरी रडले.

"मला फक्त एकदा ओरखडा ओढू द्या," काका म्हणाले. "मग मी घरी जातो."

बोगद्यातलं काम दुसऱ्या दिवशी संपणार होतं. त्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली आणि सगळे बाहेरच्या मांडवात गेले. मी दिग्दर्शकाला थांबवून घेतलं. काय चाललंय ते त्याला थोडक्यात सांगितलं, तेव्हा त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मला ताप आलाय. पण थांबला. माणूस वाईट नव्हता.

आम्ही तिघं पाइपपाशी बसलो. काका या वेळी आतल्या बाजूला होते. गुडघे दुखतात, मागे उभं राहवत नाही, म्हणाले. मी रेकॉर्डर सुरू केला आणि सवयीने बोट ओठांवर ठेवलं.

काकांनी दगडाने ठोकलं. दोन पटकन, मग जरा थांबून तिसरा.

बाहेर कुणीतरी ताट आपटलं. मग तेही शांत झालं.

सात ठोके आले. हेडफोनची गरजच नव्हती. दिग्दर्शकाने पाइपवर पालथा हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

काकांनी लोखंडाची पट्टी उचलली आणि पाइपवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. हात मध्ये कुठेही उचलला नाही.

"ऐकलं," ते म्हणाले. "ऐकलं रे."

मला वाटलं, झालं. सुटले बिचारे. मी रेकॉर्डर बंद करायला हात पुढे केला.

तेवढ्यात पलीकडून ठोके आले.

दोन पटकन. मग जरा थांबून तिसरा.

"ही तर बाहेरच्यांची खूण," दिग्दर्शक पुटपुटला.

काका पाइपकडे बघत राहिले. आमच्या आधी त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी दगड उचलला आणि ठोका मारला. एकच.

"काका," मी म्हणाले, "आपण तिघं आहोत."

"तुम्ही कुठे अडकलाय, बाई? तुम्ही आता जेवायला जाल."

पलीकडून एक लांब ओरखडा आला.

आणि मग खणायला सुरुवात झाली.

दिग्दर्शक उठला, छताला डोकं आपटून घेतलं आणि धावत प्लायवूडच्या मागे गेला. मी हेडफोन लावून बसून राहिले. कुदळ. फावडं. हातोहात पुढे जाणारे दगड. बरीच माणसं होती, एका लयीत काम करत होती. त्यात मला दिग्दर्शकाची पावलंही ऐकू येत होती. तो परत आला आणि म्हणाला, तिथे झाडू आहे आणि दोन डबे आहेत.

काका भिंतीला पाठ टेकून बसले होते. इतकं निवांत बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बोगदा मोडला. प्लायवूड दुसऱ्या कुठल्यातरी सिनेमाला गेलं, पाइप भंगारात. दिग्दर्शक आणि मी त्या दुपारबद्दल कधी बोललो नाही. फक्त एडिटिंगच्या वेळी त्याने मला ओरखडा परत घालायला सांगितला. सीन लांबला तर लांबू दे, म्हणाला.

दोन महिन्यांनी सकाळी दहाच्या सुमाराला काकांच्या लेकीचा फोन आला. घरात ती आणि काका दोघंच राहतात, एवढं मला माहीत होतं.

"बाबा मजेत आहेत," ती म्हणाली. "जेवतात, झोपतात. झोपेत ओरडायचे ना पूर्वी, तेही थांबलंय. फक्त दिवसभर त्यांच्या खोलीत भिंतीपाशी बसून असतात. तुम्ही आवाजातल्या जाणकार, म्हणून विचारते. त्या भिंतीतून आवाज येतो. मलाही येतो."

"शेजाऱ्यांचं काही काम चालू असेल."

"शेजारी कुठले? आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि ती बाहेरची भिंत आहे. कालपर्यंत कुदळीचा आवाज होता. आज कुदळ थांबली. बाबा म्हणतात, माणूस जवळ आला की हत्यारं खाली ठेवतात. आतल्याला लागू नये म्हणून हातांनी दगड काढतात. ताई, मी काय करू? तुम्हीच ऐका."

तिने फोन भिंतीला लावला.

फोनवरून असलं काही नीट कळत नाही, असं मी एरवी कुणालाही सांगितलं असतं. पण मला कळलं. बोटांनी माती उकरली जात होती. एक दगड निघाला आणि कुणीतरी तो अलगद बाजूला ठेवला. मग दुसरा.

"सावकाश रे," काकांचा आवाज आला. ते माझ्याशी बोलत नव्हते. "घाई नाही. मी आहे इथेच."

आणि फोनच्या अगदी जवळून, कुणीतरी धापा टाकत म्हणालं, "झालंच, दादा."