शून्य किलोमीटर

मुख्य रस्ता खणून ठेवला होता म्हणून ती आतल्या गल्लीत वळली, आणि वळली म्हणूनच ते गॅरेज तिला दिसलं. नाहीतर ती तिसऱ्यांदा मोठ्या वर्कशॉपच्या रांगेत उभी राहायला निघाली होती. चार दिवस पाऊस नुसता भुरभुरत होता, ना धड पडत होता ना थांबत होता, आणि गाडीत समोरच्या काट्यांमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा ठाण मांडून बसला होता.

गॅरेजमधून एक जण चष्मा शर्टाला पुसत बाहेर आला. गल्लीतले लोक त्याला मास्तर म्हणत. का म्हणत, ते तिला दोन मिनिटांत कळलं.

"हा दिवा तेवढा घालवून द्या," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी गाडी विकायचीय. प्रदूषणाचं सर्टिफिकेट हवंय."

"दिवा दोन सेकंदांत जाईल. पण थर्मामीटर फोडला म्हणून ताप उतरतो का?"

त्याने स्टिअरिंगखाली वायर लावली आणि हातातल्या यंत्रावरचा बिघाडाचा कोड वाचला. धूर साफ करणारा डबा काम करत नाही, अशी गाडीची तक्रार होती. वर्कशॉपवाल्यांनीही तेच सांगितलं होतं, अख्खा डबाच बदला म्हणून.

"सकाळी गाडी थंड असताना काही आवाज येतो?"

"टिक् टिक् टिक्… डावीकडून, पुढून. ॲक्सिलरेटर दाबला की लय वाढते. पाच-सात मिनिटांत बंद होतो."

त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "बाकी सगळ्यांच्या गाड्या 'कसातरीच' आवाज करतात. तुम्ही काय गाणं शिकवता?"

"कान तपासते. दवाखान्यात… आवाज आला की बटण दाबा म्हणणारी ती मीच."

"मग माझेही तपासा एकदा. पंधरा वर्षं हातोड्याच्या आवाजात गेलीत."

"वरच्या पट्टीत कमी ऐकू येत असणार तुम्हाला."

"म्हणजे तुम्ही रागावलात तर मला कळणारच नाही. सोय झाली की!"

ती हसली. आठ महिन्यांत बाहेरच्या कुणासमोर ती पहिल्यांदाच हसत होती, आणि हसल्यावर तिला अपराधीच वाटलं.

डबा ठणठणीत होता. धुराच्या पाइपच्या जोडावरचं पॅकिंग जळालं होतं. तिथून हवा आत शिरायची आणि धूर तपासणारा पुढचा सेन्सर फसायचा. तासाभरात त्याने पॅकिंग बदललं, कोड पुसला, आणि मास्तरकी सुरू केली. कोड पुसला की गाडी स्वतःच्या सगळ्या चाचण्या पहिल्यापासून घेते. त्या पुऱ्या झाल्याशिवाय तपासणी केंद्रवाले तिला दारातूनच परत पाठवतात. चाचण्यांना दोन-तीन दिवसांच्या सकाळी लागतात. रात्रभर थंड झालेली गाडी सुरू करायची, हायवेला एकाच वेगात चालवायची, मग कडेला घेऊन इंजिन चालू ठेवून पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं.

"आणि यंत्राकडे कोण बघणार?"

"मी येतो ना. घर सांगा."

घर सांगण्यासारखं राहिलं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी बाबा गेले, आणि घर नुसतं चार भिंतींचं झालं. आई बोलायची ती कामापुरतं. या घरात आता श्वास घेववत नाही, मावशीच्या गावी जाऊ, एवढंच तिने एकदा ठामपणे सांगितलं, आणि मुलीने मुकाट्याने तिकडे बदली मागून घेतली. सामान बांधून झालं होतं. बाबांची गाडी तेवढी राहिली होती. ती विकली की रविवारी निघायचं.

गुरुवारी सकाळी साडेसहाला मास्तर फाटकाशी हजर झाला, ओल्या केसांनी, बगलेत यंत्र घेऊन. हायवेवर धुकं होतं. तो एकेक चाचणी वाचत होता आणि ती वेगाच्या काट्यावर नजर ठेवून होती. मग गाडी कडेला घेतली आणि ती पाच मिनिटं आली. वायपर फिरत होते, आणि दोघांकडे बोलायला विषय नव्हता…

"बाबांची ना गाडी?" त्याने विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"सीट त्यांच्या उंचीची आहे. तुम्ही पुढे सरकून बसता, पण सीट हलवत नाही."

आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं नव्हतं, पण आलं. तो समजूत घालत बसला नाही. एक स्वच्छ फडकं पुढे करून तो खिडकीबाहेर बघत राहिला.

त्या दिवशी पाचांपैकी तीन चाचण्या पुऱ्या झाल्या. "उद्या उरलेल्या दोन, की सुटलात तुम्ही माझ्या तावडीतून," तो म्हणाला, आणि परतताना तिने गाडी उगाच हळू चालवली.

संध्याकाळी दारात गाडी लावल्यावर ती आतच बसून राहिली. समोरच्या कप्प्यात बाबांचं छोटं यंत्र होतं. बाबांना गाडीत खुडबुड करायची भारी हौस, त्यांनीच तिला ते वापरायला शिकवलं होतं. तिने ते जोडलं. 'पुसायचं का?' यंत्राने विचारलं. तिने हो म्हटलं. कोड नव्हताच, पण पुऱ्या झालेल्या तिन्ही चाचण्या गेल्या.

शुक्रवारी मास्तरने यंत्र बघितलं आणि भुवया उंचावल्या. "पुन्हा पहिल्यापासून! हट्टी आहे गाडी."

"मालकावर गेली असेल," ती म्हणाली. चोराच्या मनात चांदणं, तशी ती सगळा रस्ता घाबरून होती. पण संध्याकाळी तिने पुन्हा पुसलं. शनिवारीही, रविवारीही. हे आजचं मरण उद्यावर ढकलणं आहे, हे तिला कळत होतं. घरात आई बांधलेल्या खोक्यांमध्ये बसून वाट बघत होती, हेही दिसत होतं. पण सकाळची ती पाच मिनिटं तिला हवी होती. त्याची बायको लग्नानंतर वर्षभरातच सोडून गेली होती, ते त्याने त्याच पाच मिनिटांत सांगितलं. आपल्याला नव्या गावी जायची भीती वाटते, हे तिनेही तिथेच सांगितलं. चष्म्यावर वाफ धरली की तो बावळट दिसायचा. आणि तिला तो फार आवडायला लागला होता.

बुधवारी कडेला उभं राहिल्यावर त्याने यंत्र तिच्या हातात दिलं.

"ही ओळ वाचा. निघताना मी वाचून ठेवली होती, ती."

कोड पुसल्यापासून गाडी किती चालली, ते तिथे लिहिलेलं असतं. निघतानाचा आकडा होता… शून्य किलोमीटर. तिला ठाऊक नव्हतं की गाडी हेही लक्षात ठेवते. तिचे कान तापले.

"कधी कळलं?"

"शनिवारी."

"शनिवारी! मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तुम्ही पुसणं थांबवलं असतं."

बाहेरून एक ट्रक गेला आणि काचेवर पाण्याचा फटकारा बसला. त्याचा हात गियरवरच्या तिच्या हातापर्यंत आला, क्षणभर थांबला, आणि मग त्याने तो धरला.

"पण आज पुसू नका," तो म्हणाला. "मी तुम्हाला घ्यायला येतो ना, तेव्हा तुमच्या आई बाहेर जायची साडी नेसून व्हरांड्यात बसलेल्या असतात. रोज. त्यांना वाटत असतं, आज काम होईल. मला त्यांच्याकडे बघवत नाही."

"थांब म्हणा ना मला."

"म्हणायचंय. जीभ सारखी तिथेच येते… मला तुम्ही आवडता. पण त्या माउलीला एकटं पाठवून थांबलात, तर चार दिवसांनी तुम्हाला मीही नकोसा होईन."

त्या संध्याकाळी तिने गाडी लावली आणि थेट घरात गेली. शुक्रवारी पाचही चाचण्या पुऱ्या झाल्या, केंद्रवाल्याने शिक्का मारला. मास्तरने कागद घडी करून तिच्या पर्समध्ये ठेवला, आणि मागे न बघता गॅरेजच्या दिशेने चालत गेला. शनिवारी गाडी गेली. रविवारी मायलेकी बसमध्ये बसल्या.

गाव मागे पडल्यावर आई म्हणाली, "गाडी गेल्याचं वाईट वाटतंय ना?"

तिने मांडीवरची पिशवी सरळ केली.

"रोज संध्याकाळी बंद गाडीत एकटी बसायचीस. मी खिडकीतून बघायचे. वाटायचं, बाबांची आठवण काढतेय पोर. मला बरं वाटायचं गं… की मी एकटीच नाहीये."

आता मात्र तिला राहवेना. खोटं धरून ठेवलं असतं तर आईचं तेवढं समाधान टिकलं असतं. पण तिने सगळं सांगून टाकलं, बाबांच्या यंत्रासकट, रोजच्या पुसण्यासकट. "तू वाट बघत होतीस आणि मी… मी बाबांसाठी बसत नव्हते गं, आई."

आईने पदर सारखा केला. तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

"तो थांब म्हणाला नाही?" तिने विचारलं.

"नाही. आईला घेऊन जा म्हणाला."

"आणि तू त्याला मावशीचा पत्ता तरी दिलास का?"

तिने मान हलवली. नव्हता दिला.

"बापासारखीच आहेस. यंत्रं कळतात, माणसांचं काही कळत नाही. लाव फोन."

गॅरेजच्या बिलावरचा नंबर काढून तिने फोन लावला. बरीच रिंग गेली, मग हातोड्याचा आवाज थांबला आणि तो "हॅलो" म्हणाला. तिने तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. पलीकडे तो पुन्हा पुन्हा "कोण? कोण बोलतंय?" विचारत राहिला. शेवटी आईने तिच्या हातातून फोन घेतला.

"मी तिची आई बोलतेय," ती म्हणाली. "ती रडतेय. तुम्ही बोलत राहा, ती ऐकतेय." आणि तिने फोन लेकीच्या कानाला लावून धरला.