साठवर थांबलेला काटा

ही घटना खरी आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो विश्राम माझा मावसभाऊ. खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नाही.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. गेल्या वर्षीच्या वैशाखातली टळटळीत दुपार होती. जागा पुण्याजवळचं कासार आंबोली, विश्रामच्या घरामागची पत्र्याची शेड.

आधी त्याचं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

काही हौशी लोक घरच्या घरी छोटी विमानं बनवतात. पाइप, कापड आणि लहानसं इंजिन. एक-दोन माणसं बसतील एवढी. त्यांना उंचीचा, तापमानाचा, वेगाचा असे मीटर लागतात. परदेशी मीटर सगळ्यांना परवडत नाहीत. विश्राम पिरंगुटच्या एका कारखान्यात मीटर दुरुस्तीला होता. निवृत्त झाल्यावर तो या लोकांसाठी स्वस्तातले मीटर बनवू लागला.

त्यात वेगाचा मीटर सगळ्यात जोखमीचा. विमानाच्या पुढे एक नळी असते. समोरचा वारा नळीत शिरला की काटा चढतो. वेग फार कमी झाला तर विमान कोसळतं. काट्याने चुकीचं दाखवलं तर माणूस गेला.

पण शेडमध्ये वारा कुठून आणायचा?

तो जया द्यायची. विश्रामची बायको.

मीटरच्या रबरी नळीत ती हळूच फुंकर धरायची. त्याच नळीला जोडलेल्या काचेच्या नळीत लाल पाणी वर चढायचं. पाणी खुणेला आलं की तिथेच धरून ठेवायचं. तोवर विश्राम तबकडीवर रेघ मारायचा. तो "बास" म्हणाला की ती सोडायची. लहानपणापासून फुंकणीने चूल फुंकलेली बाई. तिचा दम लांब.

"आवं, येवढा वारा घालतीया मी तुमच्या इमानात. मला कवा बसवणार?"

"तू बसलीस तर ते उठायचं न्हाई."

"मग जत्रंत फुगं इकते. पोरं तरी हासतील."

शेवटची तपासणी त्यांनीच ठरवलेली होती. जयाने काटा साठच्या आकड्यावर येईल एवढी फुंकर धरायची, विश्रामने नळीला चिमटा लावायचा, आणि दोघांनी चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत काटा उतरला नाही तर मीटर पास.

त्या दिवशी सौरभचा मीटर होता. सौरभ सूसला राहणारा, आयटीतला मुलगा. त्याचं विमान तयार होत आलं होतं.

जयाने साठवर फुंकर धरली. विश्रामने चिमटा लावला. तेवढ्यात तबकडीवरची एक रेघ त्याला वाकडी दिसली. तो भिंग घेऊन तिच्यात गुंतला. जया थोडी थांबली, मग उठून चहा ठेवायला गेली.

थोड्या वेळाने चहा उतू गेल्याचा वास आला.

"जया, गॅस बघ."

तो उठून आत गेला.

ती स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरावं झालं. पाहुणे गेले. विश्रामने शेडचं कुलूप काढलं. आत कोंडलेली, तापलेली हवा. टेबलावर सगळं होतं तसंच पडलेलं.

आणि...

काटा साठवर होता.

रबरी नळी इतके दिवस हवा धरत नाही. पत्रा तापला की आतली हवा फुगते, काटा चढतो. रात्री गार झालं की उतरतो. हे विश्रामला चांगलं ठाऊक. त्याने सकाळी पाहिलं, दुपारी पाहिलं, दिवेलागणीला पाहिलं.

साठ.

त्याने काचेवर टिचकी मारली. काटा थरथरला... आणि परत साठवर आला.

चिमटा काढायला त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. तिचा तेवढाच श्वास या घरात उरला होता. चिमटा काढला की तोही जाणार.

मग तो शेडमध्येच बसू लागला. चहा तिथेच, जेवण तिथेच. शेजारच्या धोंडाबाई डबा घेऊन यायच्या.

"कालची भाकर तशीच हाय की रं. आसं किती दिस चालायचं?"

"खातो, वैनी."

एकदा धोंडाबाई दारातच थबकल्या.

"आत कोन हाय?"

"कोनी न्हाई. मी एकलाच."

"मग ते..."

"काय?"

"चूल फुकल्यागत आवाज येतोय रं."

डबा उंबऱ्यावर ठेवून त्या निघून गेल्या. विश्रामने कान दिला. त्याला काही ऐकू आलं नाही. त्याला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर काही दिवसांनी सौरभ आला. भरदुपारी.

"सॉरी काका, अशा वेळी विचारणं बरं नाही वाटत. पण सगळं फिट झालंय. पॅनेलमध्ये तेवढं एकच भोक रिकामं आहे."

"दुसरा बनवून देतो तुला."

"हा का नको? रेडी तर दिसतोय."

"हा राहू दे."

सौरभ मीटरवर वाकला. नळीवरून त्याने बोट फिरवलं. बोट मध्येच थांबलं.

"काका... ही नळी फाटलीये."

विश्रामने चष्मा लावला. चिमटा आणि मीटर यांच्या मधोमध उन्हाने रबर तडकलं होतं. नख आत जाईल एवढी चीर.

"मग काटा वर कसा?" सौरभने विचारलं.



काटा हलला. एकोणसाठ... अठ्ठावन्न... मग थरथरत परत साठ.

ही थरथर विश्रामच्या ओळखीची होती. दम संपत आला की जयाचा काटा असाच घसरायचा. गाल लाल व्हायचे, डोळ्यांत पाणी यायचं, तरी ती ओढून परत खुणेला आणायची. त्याने सांगितल्याशिवाय कधी सोडायची नाही.

आणि त्या दिवशी तो "बास" म्हणालाच नव्हता.

"काका, चला ना बाहेर," सौरभ म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

काटा पन्नासवर आला. रखडत, थांबत परत वर चढला.

विश्राम नंतर मला म्हणाला, "तवा वाटलं, गप बसावं. मी बोललो न्हाई तर ती जायची न्हाई."

काटा पुन्हा घसरला. या वेळी चढायला फार वेळ लागला.

विश्रामने मीटर दोन्ही हातांत धरला. 

"बास, जया. बास गं. सोड आता."

आणि...

त्या चिरेतून वारा आला.

गरम. हळू. विश्रामच्या मनगटावरून गेला. टेबलावरचे कागद हलले, मग सौरभच्या शर्टाची कॉलर हलली. एवढ्याशा नळीत मावणार नाही इतका वारा. तो येतच राहिला.

मग थांबला.

काटा शून्यावर होता. लाल पाणी खाली गेलं होतं. तापलेला पत्रा तडतडत होता, बाकी काही आवाज नव्हता.

सौरभने तो मीटर नेला नाही. मी त्याला स्वतः जाऊन विचारलं. तो म्हणाला, "वारा गरम होता, एवढं मी सांगू शकतो. बाकीचं विचारू नका, प्लीज."

विश्राम आता फक्त तापमानाचे मीटर बनवतो. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "दादा, मी बास म्हनलो नसतो, तर ऱ्हायली असती का ती?"



माझी बायको गेली तेव्हा मी खाली औषधाच्या दुकानात होतो. आमचं शेवटचं बोलणं काय झालं, तेही मला नीट आठवत नाही. विश्रामने हे सांगितल्यापासून मी दुपारी पंखा बंद करून घरात ऐकत बसतो. एकेक खोली बघतो.

ती काय धरून बसली असेल, ते मला अजून सापडलेलं नाही.